डोहाचा राखणदार

पाऊस नुकताच थांबलाय, पत्र्यावरून पागोळ्या टपटपतायत आणि तेवढ्यात खालून कुणीतरी ओरडतं, "अरे, इंद्रधनुष्य!" हातातलं सगळं टाकून आपण पळतो. आता मला सांगा, त्या रंगीत कमानीला आपण धनुष्य का म्हणतो? आपल्या कुठल्या तरी खापरपणजोबांनी वर पाहिलं आणि त्यांना इंद्राच्या हातातलं ताणलेलं धनुष्य आठवलं, म्हणून. पण तीच कमान पाहून पृथ्वीच्या दुसऱ्या एका भागातल्या लोकांना आठवला साप! केवढा? डोकं पुढच्या डोहात बुडालंय, अंग आभाळभर पसरलंय आणि शेपटी अजून मागच्या डोहातून बाहेर यायची आहे, एवढा.

हे लोक म्हणजे ऑस्ट्रेलियाचे मूळ रहिवासी. 1788 साली इंग्रजांची जहाजं तिथे वस्ती करायला पोचली, त्याच्या आधी किमान पन्नास हजार वर्षं ते तिथे राहत होते. त्यांच्या भाषा किती होत्या माहीत आहे? अडीचशेहून जास्त! साहजिकच सापाची नावंही पुष्कळ. पर्थ शहराच्या भागातले नूंगार लोक त्याला वाग्गल म्हणतात. वाळवंटातले पिचंजारा लोक म्हणतात वानांबी. निट्मिलुकच्या दऱ्यांमधले जावोइन लोक म्हणतात बोलुंग. आणि उत्तरेकडच्या अर्नहेम लँडमध्ये, कुनविंज्कू भाषेत, त्याचं नाव आहे ङाल्योद.

हो, ङाल्योद. पहिलंच अक्षर ङ! क ख ग घ म्हणून झालं की आपण ङ पटकन उरकून टाकतो, कारण त्याने सुरू होणारा एकही शब्द आपल्याकडे सापडत नाही. ऑस्ट्रेलियातल्या कितीतरी भाषांमध्ये मात्र ङ मजेत शब्दाच्या अगदी पुढे येऊन बसतो. एकदा मोठ्याने म्हणून बघा. 'रंग' म्हणताना ग येण्याआधी नाकात जो आवाज घुमतो, तो ङ.

या सगळ्या सापांना मिळून 'सप्तरंगी साप' असं एकच नाव दिलं ते रॅडक्लिफ-ब्राउन नावाच्या एका इंग्रज मानवशास्त्रज्ञाने, 1926 साली. त्याच्या लक्षात आलं, की शेकडो मैल दूर राहणारे, एकमेकांची भाषा न कळणारे लोक एका बाबतीत सारखं बोलतात. मोठा साप आहे, तो खोल पाण्यात राहतो, आणि इंद्रधनुष्याशी त्याचं नातं आहे. नाव सोयीचं आहे, म्हणून मीही वापरणार आहे. पण वाग्गल वेगळा, बोलुंग वेगळा, प्रत्येकाचं गाव वेगळं, हे विसरू नका. आणखी एक सांगते. यातल्या काही गोष्टी त्या त्या लोकांनी फक्त आपल्या माणसांसाठी राखून ठेवल्या आहेत. ज्या ते पाहुण्यांनाही मोकळेपणाने सांगतात, त्याच इथे आहेत.

आता एक प्रयोग. झाडांना पाणी घालायची नळी घ्या. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी ऊन उतरल्यावर अंगणात किंवा गच्चीवर सूर्याकडे पाठ करून उभे राहा आणि नळीच्या तोंडावर बोट दाबून बारीक तुषार उडवा. दिसलं? आता दोन पावलं उजवीकडे सरका. कमानही सरकली! पुढे जा, ती पुढे जाते. नळी बंद करा, ती गेली. तिला पकडायला गेलात तर कधीच हाती लागणार नाही, कारण ती एका जागी नसतेच. सूर्याचा किरण पाण्याच्या थेंबात शिरतो, वळतो, आतल्या बाजूवर आपटून परत फिरतो आणि रंगांमध्ये फुटून आपल्या डोळ्यांकडे येतो. तुमच्या सावलीतल्या डोक्यापासून साधारण 42 अंशांवर जे थेंब असतील, तेच तुम्हाला रंगीत दिसतात. तुम्ही हललात की दुसऱ्या थेंबांची पाळी. सूर्य फार वर चढला की कमान क्षितिजाच्या खाली जाते, म्हणून भर दुपारी इंद्रधनुष्य दिसत नाही.

मग विचार करा. लांबलचक आहे, वळलेलं आहे, चकचकीत आहे. पाणी असेल तिथेच दिसतं. आपण हललो की हलतं, पकडायला गेलो की निसटतं आणि थोड्या वेळाने कुठेतरी शिरून नाहीसं होतं. ही लक्षणं धनुष्याची की सापाची? मला तर वाटतं, ऑस्ट्रेलियातल्या त्या जुन्या माणसांनी फार बारकाईने पाहिलं होतं.

शिवाय ऑस्ट्रेलिया म्हणजे माणसांची वस्ती असलेल्या खंडांपैकी सगळ्यात कोरडा खंड. मधल्या भागात मैलोन्‌मैल लाल माती. नद्या नकाशावर दिसतात, पण प्रत्यक्षात बहुतेक वेळ नुसता वाळूचा पट्टा. अशा ठिकाणी एखाद्या खडकाच्या पोटात बारा महिने टिकणारा डोह असेल तर त्याची किंमत काय सांगावी! आपल्याकडे जुनी माणसं म्हणतात ना, पुरलेल्या धनावर नाग बसलेला असतो? तिथे धन म्हणजे पाणी. आणि त्यावरही नाग बसलेलाच आहे.

आता अकुराची गोष्ट.

दक्षिण ऑस्ट्रेलियात फ्लिंडर्स पर्वतरांग आहे. लालजांभळ्या कड्यांचा, फार फार जुन्या खडकांचा मुलूख. तिथले अद्न्यामथना लोक ही गोष्ट सांगतात. अकुरा नावाचा प्रचंड साप डोंगरात राहत होता. एक दिवस त्याला अशी तहान लागली, अशी तहान लागली, की तो सरपटत खालच्या मैदानात उतरला. तिथे होतं फ्रोम सरोवर. अकुराने तोंड लावलं आणि प्यायला लागला. पीत राहिला, पीत राहिला. सगळं सरोवर संपवलं! पाणी होतं खारट. पोट टम्म फुगलं. आता एवढं पोट घेऊन घरी जायचं कसं? ओढत, घासत, वळणं घेत तो डोंगर चढायला लागला. त्याच्या पोटाने जमीन खरवडली गेली आणि तिथे खोल घळ तयार झाली. मध्ये मध्ये त्याला थांबून शू करावी लागली (एवढं पाणी प्यायल्यावर लागणारच), आणि तो जिथे जिथे थांबला तिथे तिथे पाण्याचे डोह झाले. शेवटी तो वर डोंगरातल्या एका डोहात जाऊन झोपला. अजून तिथेच आहे. पण खाऱ्या पाण्याने त्याचं पोट बिघडलंय, म्हणून अधूनमधून जमिनीखालून गुडगुड आवाज येतो.

हसलात ना? हसा. गोष्ट हसण्यासारखीच आहे. आता नकाशावर फ्रोम सरोवर शोधा. सुमारे 100 किलोमीटर लांब सरोवर, आणि बहुतेक वेळा कोरडं! आत पाण्याऐवजी मिठाचा पांढरा थर. म्हणजे कुणीतरी खरंच पिऊन टाकल्यासारखं. त्याच्या पश्चिमेला डोंगरात अर्करूला नावाची घळ आहे. वाकडीतिकडी, सापासारखी. आणि डोह कुठे आहेत? पूर आला की नदीचं पाणी वळणावर बाहेरच्या काठाला जोराने आपटतं आणि तिथली वाळू खरवडून काढतं. म्हणून वळणावर खड्डा खोल होतो आणि पूर ओसरला तरी पाणी तिथे टिकून राहतं. तुमच्या गावच्या नदीतही डोह वळणाजवळच सापडेल. साप जिथे वळला, थांबला, तिथे पाणी, असं गोष्ट सांगते. भूगोलाच्या बाई वेगळ्या शब्दांत तेच सांगतात.

आणि पोटातली गुडगुड? ती तर खरीच आहे. फ्लिंडर्स रांगेत लहान लहान भूकंप सतत होत असतात. ऑस्ट्रेलियातल्या सगळ्यात जास्त हलणाऱ्या भागांपैकी हा एक. ऑस्ट्रेलियाचा अख्खा भूखंड दरवर्षी साधारण 7 सेंटीमीटर उत्तरेकडे सरकतो, त्यामुळे खडकांवर दाब येतो, आणि जिथे जुन्या भेगा आहेत तिथे खडक थोडेसे घसरतात. बहुतेक धक्के इतके हलके असतात की भांडंही हलत नाही. पण शांत रात्री जमिनीला कान लावून झोपणाऱ्या माणसांना तो आवाज नक्की ऐकू येत असणार. भूकंपमापक यंत्र जन्माला यायच्या कितीतरी आधी त्या लोकांनी हे टिपून ठेवलं होतं. वहीत लिहून नाही, सापाच्या पोटात घालून.

मला या गोष्टीत सगळ्यात जास्त आवडतं ते हे. एखाद्या अद्न्यामथना मुलीला लहानपणापासून अकुराची गोष्ट पाठ असेल, तर ती डोंगरात वाट चुकली तरी तिला पाण्याचा माग काढता येईल. साप इथून निघाला, मग इथे वळला, मग इथे थांबला. ती गोष्ट म्हणजे पाण्याचा नकाशाच आहे. वाऱ्याने उडत नाही, पावसात भिजत नाही, आणि तहान लागते तेव्हा बरोबर आठवतो.

उलुरू तर तुम्ही चित्रात पाहिलाच असेल. वाळवंटाच्या मध्यावर उभा असलेला तो 348 मीटर उंचीचा लाल खडक. त्याच्या पायथ्याशी मुतिजुलू नावाचा एक लहानसा डोह आहे, आणि त्यात वानांबी राहतो. पाऊस पडला की खडकावरून पाण्याच्या धारा खाली उतरतात आणि थेट याच डोहात येतात. तिथले अनंगू लोक खडकावरच्या लांबच लांब वळीकडे बोट दाखवून कुनिया नावाच्या अजगरिणीची गोष्टही सांगतात. आपल्या अंड्यांसकट ती दुरून इथे आली होती. पण ती गोष्ट मोठी आहे, पुन्हा कधीतरी.

राखणदार म्हटला की त्याचे नियमही आलेच. उत्तरेकडे निट्मिलुक इथे एका नदीने खडक कापून एकापाठोपाठ एक तेरा दऱ्या कोरल्या आहेत. त्यातल्या दुसऱ्या दरीतल्या खोल डोहांमध्ये बोलुंग राहतो, असं जावोइन लोक मानतात. त्याला त्रास द्यायचा नाही. त्याच्या डोहातलं पाणी प्यायचं नाही. जवळपास मासे पकडले तर थोडेच ठेवायचे आणि बाकीचे परत पाण्यात सोडायचे. नाहीतर बोलुंग रागावतो, आणि त्याचा राग म्हणजे वीज आणि पूर. आता बघा, कोरड्या दिवसांत नदी आटते तेव्हा मासे जीव वाचवायला कुठे जातात? सगळ्यात खोल डोहात. तिथलेच मासे संपवले तर पुढच्या पावसात नदी पुन्हा भरेल, पण तिच्यात पोहायला कोण उरणार? आपल्याकडच्या देवराईत फांदी तोडायची नाही, कारण देव कोपतो. माझ्या मनात या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी बसतात.

पर्थमधला नियम मात्र भीतीचा नाही, चक्क शिष्टाचाराचा आहे. तिथली मोठी नदी वाग्गलने घडवली, तो अजूनही तिच्यात आहे. म्हणून नूंगार माणूस काठावर गेला की मूठभर वाळू उचलून पाण्यात टाकतो आणि आपण कोण, कुठून आलो ते सांगतो. कुणाच्या घरी गेलो की आपण दारातूनच "काकू, मी आलोय!" म्हणतो ना, तसंच. त्याच प्रदेशात सुमारे 1000 किलोमीटर लांबीची एक पायवाट आहे, तिचं नाव बिब्बलमन. जंगलातून चालताना वाट चुकू नये म्हणून झाडांवर लहान पिवळे त्रिकोण ठोकलेले असतात. प्रत्येक त्रिकोणावर कोण असेल? वाग्गल! अजूनही वाट दाखवतोय.

पण रंग? साप तर मातकट, काळे, हिरवट असतात, सात रंगांचा साप कुठून आला? त्यासाठी उत्तर ऑस्ट्रेलियातला पाणअजगर बघायला हवा. पाठ गडद तपकिरी, पोट पिवळं, राहतो दलदलीत आणि नदीकाठी. तो पाण्यातून उन्हात आला की त्याच्या तपकिरी अंगावर निळी, हिरवी, जांभळी झाक चमकून जाते. साबणाच्या फुग्यावर रंग फिरतात ना, तशी. फुग्यात रंग घातलेला नसतो, तसा खवल्यांतही नसतो. अगदी पातळ, पारदर्शक थरांवरून प्रकाश परततो, तेव्हा त्याचे किरण एकमेकांत मिसळून रंग उमटतात. हे बघायला ऑस्ट्रेलियाला जायची गरज नाही. सह्याद्रीत मातीत राहणारा खापरखवल्या नावाचा निरुपद्रवी साप आहे. पावसाळ्यात तो जमिनीवर येतो, आणि त्याच्या काळसर अंगावर तशीच सप्तरंगी झळाळी असते. दिसला तर लांबूनच बघा, हात लावू नका. ओळखायला चूक झाली तर महागात पडेल.

आता अर्नहेम लँडच्या गुहांमध्ये जाऊ. तिथल्या खडकांवर हजारो चित्रं आहेत, आणि त्यात एक विचित्र प्राणी आहे. अंग सापाचं, पण तोंड लांबट, घोड्यासारखं, आणि अंगावर पानांसारख्या, काट्यांसारख्या झालरी. असा साप कुणी पाहिलाय? 1996 साली पॉल टॅसॉन, मेरेडिथ विल्सन आणि ख्रिस्तोफर चिपिंडेल या तीन अभ्यासकांनी अशी पुष्कळ चित्रं एकमेकांशी ताडून पाहिली आणि एक भन्नाट कल्पना मांडली. समुद्रात समुद्रघोड्याचा भाऊ शोभेल असा एक मासा असतो, नळीसारखा लांब, तोंडाची सोंड आणि अंगावर फितीसारख्या झालरी असलेला. सगळ्यात जुने सप्तरंगी साप या माशावरून काढलेले असावेत, असं त्यांचं म्हणणं.

समुद्रातला मासा डोंगरातल्या गुहेत कसा पोचला? त्यासाठी आपल्याला हिमयुगात जावं लागेल. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी पृथ्वीवरचं इतकं पाणी बर्फात अडकलं होतं, की समुद्र आजच्यापेक्षा साधारण 120 मीटर खाली होता. चाळीस मजली इमारतीएवढा खाली! ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्या मध्ये कोरडी जमीन होती. तिथे माणसं राहत होती, शिकार करत होती. मग बर्फ वितळलं आणि समुद्र आत यायला लागला. आजोबांनी जिथे कांगारू मारले, तिथे नातवंडांच्या काळात लाटा आल्या. घरं सोडून मागे सरकायचं, पुन्हा मागे सरकायचं. पाऊसपाणीही बदललं. आणि त्या नव्या समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकला हा कधी न पाहिलेला झालरवाला जीव. त्या चित्रांचं वय अभ्यासक चार ते सहा हजार वर्षं धरतात. जमीन गिळत येणाऱ्या पाण्याला त्या माणसांनी एक चेहरा दिला, आणि तो दिवसेंदिवस सापाचा होत गेला. नव्या चित्रांमध्ये झालरी कमी होतात आणि तो अजगरासारखा दिसायला लागतो.

आणि खरोखरचा महासाप? तोही होता! दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या नाराकूर्टच्या गुहांमध्ये वरून पडलेल्या प्राण्यांची हाडं हजारो वर्षं साठत गेली. त्यात एका सापाची हाडं मिळाली. पाच-सहा मीटर लांब, विषारी नव्हे, अजगरासारखा आवळणारा. 1976 साली मेरेडिथ स्मिथ या शास्त्रज्ञ बाईंनी त्याचं नाव ठेवलं वोनांबी. ओळखीचं वाटतंय ना? उलुरूच्या डोहातला वानांबी, तोच! विज्ञानाने आपल्या सापासाठी गोष्टीतलं नाव उसनं घेतलं. हा वोनांबी साधारण पन्नास हजार वर्षांपूर्वी संपला.

आता जरा सावरून बसा. या वोनांबीच्या घराण्याला माड्सोइड म्हणतात. फार पुरातन घराणं, डायनोसॉरच्या काळातलं. आणि त्याच घराण्यातल्या एका सापाची हाडं सापडली आहेत आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात, पिसदुरा नावाच्या गावाजवळ! 2011 साली त्याचं नाव जाहीर झालं: माड्सोइया पिसदुरेन्सिस. आपल्या गावाचं नाव जगभरच्या पुस्तकांत गेलं ते एका सापामुळे. (पिसदुराला डायनोसॉरची हाडंच नाही, तर त्यांच्या शेणाचे दगडही मिळतात.) ऑस्ट्रेलिया आणि चंद्रपूर इतके लांब, मग एकच घराणं दोन्हीकडे कसं? एके काळी भारत, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, अंटार्क्टिका हे सगळे एकमेकांना चिकटलेले होते, म्हणून. त्या महाखंडाचं नाव गोंडवन. हे नाव आलं गोंड लोकांच्या मुलखावरून. चंद्रपूर, गडचिरोली याच मुलखात येतात.

आणि गोंडांचाही एक नागदेव आहे, नागोबा. तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात केसलापूर गावी त्याचं देऊळ आहे. पौष अमावास्येला तिथे मोठी जत्रा भरते आणि महाराष्ट्रातूनही गोंड कुटुंबं तिकडे जातात. पूजेचा मान मेश्राम कुळाचा. जत्रेच्या आधी मेश्रामांची माणसं एका कामगिरीवर निघतात. अनवाणी, पायी, जंगलातून, गावागावांतून, कित्येक दिवस. कुठे जातात? गोदावरीच्या एका डोहापाशी. तिथून पाणी भरून घेतात आणि तसेच पायी परत येतात. केसलापूरला पोचल्यावर आधी वडाच्या झाडांखाली मुक्काम पडतो. शेजारच्या तळ्यातून सिरिकोंडा गावच्या कुंभारांनी घडवलेल्या मडक्यांत आणखी पाणी येतं. आणि अमावास्येच्या रात्री, एवढ्या लांबून जपून आणलेल्या गोदावरीच्या पाण्याने नागोबाला अंघोळ घातली जाते.